वासराची पेंड मोजता, लेकराची वाटी मोजता का?



एरवी या पानावर मी तुमच्याशी बोंडअळी, माती परीक्षण, बीजप्रक्रिया असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. कृषी खात्याच्या माणसाने लेकराबाळांच्या गोष्टीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेलही. पण शिवारात फिरताना बांधावरच्या लिंबाला झोळी बांधलेली दिसते. झोळीत सात-आठ महिन्यांचे लेकरू असते, आई खुरपत असते आणि पाच-सहा वर्षांची बहीण राखणीला बसलेली असते. पिकाचे बोलून झाले की मी गाडीला किक मारतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्या झोळीविषयी मी कधी चकार शब्द काढला नाही. काढायला हवा होता, हे मला माझ्याच घरात कळले.

सोयाबीन पेरल्यावर पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस रान तणमुक्त ठेवावे लागते. तेव्हा खुरपणी चुकली तर पुढे रान कितीही स्वच्छ केले तरी गेलेला उतारा परत येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. लेकराचेही असे दिवस असतात. आईच्या पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षे, मिळून साधारण एक हजार दिवस. दोन वर्षांचे होईपर्यंत लेकराचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा झालेला असतो. या दिवसांत उंची खुंटली तर ती पुढे भरून काढणे फार अवघड जाते.

यातही सगळ्यात फसवा काळ सहा महिने ते दोन वर्षांचा. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. सहा महिन्यांनंतर दूध चालूच ठेवायचे, पण ते एकटे पुरे पडत नाही. वरचे खाणे सुरू होते, पण अनेक घरांत ते नावापुरतेच.

माझ्या घरचे सांगतो. माझा मुलगा जन्मला तेव्हा २ किलो ९०० ग्रॅमचा होता. सहा महिन्यांचा झाला तेव्हा ७ किलो ४००. छान चालले होते. माझी नेमणूक दुसऱ्या तालुक्यात, त्यामुळे घरी येणे शनिवारी रात्री. सोयाबीनची काढणी सुरू झाली, पत्नी शेतात जाऊ लागली आणि लेकरू माझ्या आईजवळ राहू लागले. मूल हसते-खेळते होते, आजारी नव्हते. कुणाला काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता. दहाव्या महिन्यात गावच्या अंगणवाडी ताईंनी मला बोलावून घेतले आणि वाढीचा तक्ता पुढे ठेवला.

"भाऊ, हे बघा. सहाव्या महिन्याला सात किलो चारशे. आज सात किलो सहाशे. चार महिन्यांत दोनशे ग्रॅम."

मी म्हणालो, "ताई, पण ठिपका हिरव्या पट्ट्यातच आहे की."

"आज आहे. पण रेघ आडवी चाललीय. पुढच्या महिन्यात पिवळ्यात जाईल. तोवर मी वाट बघत बसू का?"

मी गप्प झालो. त्या वयात चार महिन्यांत मुलाचे वजन साधारण सव्वा किलोने वाढायला हवे. पानावर पिवळेपणा दिसण्याआधी पीक ओळखायचे असते, असे मी शेतीशाळेत शेतकऱ्यांना शिकवतो. आणि घरची आडवी रेघ मला दुसऱ्याने दाखवावी लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दिवसभर घरी बसून लेकरू काय खाते ते पाहिले. सकाळी चहात बुडवलेले अर्धे बिस्कीट. दुपारी वाटीभर वरणाचे पाणी, तेही वरचे निवळ. संध्याकाळी भाताची पेज. सकाळी आणि रात्री आईचे दूध. एवढेच. आईला विचारले तर म्हणाली, "अरे, तुम्ही सगळे ह्याच्यावरच वाढलात. घट्ट दिलं तर घशात अडकतं. पोटाला जड जातं." तिची चूक म्हणता येत नाही, ती काळजीपोटीच पातळ करत होती. पण संध्याकाळी गोठ्यात गेलो तर खुंटीला वही टांगलेली. कालवडीला सकाळी किती पेंड, संध्याकाळी किती, खनिज मिश्रण किती ग्रॅम, सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले. पोराच्या वाटीत काय पडते, हे मात्र मी चार महिन्यांत एकदाही विचारले नव्हते.

आता हिशेब बघा. लेकराच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावते. आठ किलोच्या लेकराला पाव किलोच्या आतबाहेर, म्हणजे एक मोठी वाटी. ती वाटी पाण्यानेच भरली तर पोट भरल्यासारखे वाटते, लेकरू रडत नाही, आणि वजनही वाढत नाही. म्हणून खाणे घट्ट हवे. ओळखायची खूण सोपी आहे : चमच्यात घेतलेले अन्न चमचा तिरका केला तरी ओघळता कामा नये. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून. शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट, मात्र अख्खा दाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे, पपई, शिजवून घोटलेली पालेभाजी. यातले बहुतेक तुमच्या घरात किंवा बांधावर आहे. बाजारातल्या डब्यांची गरज नाही. चहा तर नकोच, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, त्यातून लेकराला विषबाधा होऊ शकते.

किती वेळा? सहा ते आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा थोडे काही. लेकराची वाटी वेगळी ठेवा. सगळ्यांच्या ताटात जेवले की त्याने किती खाल्ले ते कुणालाच कळत नाही.

माझ्या मुलाचे म्हणाल तर वर्षाचा झाला तेव्हा ८ किलो ४०० भरला. रेघ वर वळली, पण पूर्वीच्या जागी यायला आणखी सहा-सात महिने गेले.

"आमचं खानदानच बुटकं, त्याला काय करणार?" असे मला एका पारावर ऐकायला मिळाले. हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, नीट दूध-अन्न मिळालेल्या मुलांची मापे घेतली. त्यात आपल्या दिल्लीची मुले होती. सहाही देशांतली मुले जवळपास सारखीच वाढली. त्यावरूनच २००६ साली वाढीचे तक्ते निघाले, तेच आज अंगणवाडीत आहेत. बियाणे आपले हलके नाही. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली. आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात शंभरात जेमतेम अकरा.

हगवण लागली की आपल्याकडे पहिले काम होते ते खाणे बंद करण्याचे. नेमके उलटे करायचे. ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजायचे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईचे दूध आणि जेवण चालू ठेवायचे, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन पूर्ण चौदा दिवस द्यायच्या. डोळे खोल गेले, लेकरू मलूल झाले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

नुसत्या खाण्याने भागत नाही, ही गोष्ट मलाही उशिरा समजली. वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावर, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्तीत, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक अभ्यास झाला. आरोग्य सेविका काही घरांत दोन वर्षे आठवड्यातून एकदा जायच्या, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करायच्या आणि लेकराशी कसे बोलावे, खेळावे हे आईला दाखवायच्या. वीस वर्षांनंतर पाहिले तर त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. याला पैसा लागत नाही. संध्याकाळी पारावर जायच्या आधी अर्धा तास लेकराला मांडीवर घ्या, गोठ्यातली गाय दाखवा, वाटी-चमचा वाजवू द्या, ते "बा-बा" करील तर तुम्हीही उत्तर द्या. बापाने लेकराशी बोलले तर कमीपणा येत नाही.

आणि हे तर माझ्याच खात्यातले. रांगणारे लेकरू दिसेल ती वस्तू तोंडात घालते. कीटकनाशकाचे डबे बाजेखाली, फडताळात ठेवू नका. उरलेले औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे. फवारणीहून आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसे दगावली. आठ किलोच्या जिवाचे काय सांगावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठे जातो हे मी विचारत नाही. पण आपल्या अंगणवाडीतला वजनकाटा चालू आहे का, उंची मोजायची पट्टी आहे का, हे या आठवड्यात एकदा जाऊन पाहा. काटा बिघडलेला असेल तर ताई रेघ कशी काढणार? दंडाचा घेर मोजायची पट्टी तर नगण्य किमतीची आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण, त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत पाणीपट्टी आणि घरपट्टीबरोबर, या महिन्यात किती लेकरांचे वजन वाढले नाही, एवढा एकच आकडा विचारा.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळा लागल्यावर परतते. सहा महिन्यांचे गेलेले लेकरू वर्षाचे होऊन येते, म्हणजे नेमका तोच काळ कोपीवर जातो. मुकादमाशी उचलीचे बोलणे होते, लेकराचे होत नाही. निघायच्या आठ दिवस आधी अंगणवाडीत वजन करून घ्या आणि कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गावाला जाताय ते ताईंना सांगा. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार आणि वजन चालू राहते. लसीची तारीख गाडीवर चढण्याआधीची असेल तर ती घेऊनच निघा. ताईंनी दिलेले माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. घरी म्हातारी माणसे राहणार असतील तर कार्ड त्यांच्याजवळ ठेवू नका, लेकराबरोबर न्या.