वैद्यकीय नोंद विभाग : काम आणि अधिकार

रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत नवी यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया आणि शिबिरे यांचा तपशील विस्ताराने येतो; केसपेपर सांभाळणाऱ्या विभागाविषयी मात्र सहसा चार ओळीही नसतात. अनेक देणगीदारांना हा खर्च कार्यालयीन वाटतो. रोजकीर्द-खतावणीच्या शिस्तीत वाढलेल्या आम्हांला मात्र तो उपचारांचाच खर्च वाटतो. त्याचे कारण येथे मांडीत आहोत.

आपल्याकडील नेहमीची रीत घेऊ. सासर कोरेगाव तालुक्यात, माहेर तासगावकडे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. सासरच्या गावी तपासणीचे कार्ड एका नावाने असते, तर माहेरच्या रुग्णालयात नोंद दुसऱ्याच आडनावाने होते. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते. अन्यथा आईच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढील गर्भाच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात. ती पुन्हा गरोदर राहते तेव्हा ते इंजेक्शन दिले होते का, हे डॉक्टरांना कळणे अगत्याचे असते. घरच्यांना ते आठवेलच असे नाही. उत्तर कागदावर असते, आणि आडनाव बदलले तरी तो कागद सापडावा लागतो. म्हणूनच आमचे कर्मचारी नोंदणीच्या वेळी वडिलांचे आणि पतीचे अशी दोन्ही नावे, गाव व जन्मवर्ष विचारतात. रांगेत उभ्या असलेल्यांना ही नसती चौकशी वाटते, हे आम्ही जाणतो.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून या भागात उपचारांसाठी दूरदूरचे रुग्ण येत आले आहेत. सीमेपलीकडील कन्नडभाषक येतात, ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातील कुटुंबे येतात. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते.

परंतु कागद शोधून देणे हा या कामाचा लहान भाग झाला. खरा कस लागतो तो नोंद अपुरी असते तेव्हा. उसाच्या फडात सर्पदंश झालेला रुग्ण दगावला आणि दाखल्यावर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिले गेले, तर ते मृत्यूचे कारण ठरत नाही. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सर्पविषासाठी टी ६३.० हा संकेतांक आहे. तो नोंदला गेला, तरच प्रतिसर्पविषाचा साठा कोठे अधिक लागतो, हे आकडेवारीतून दिसू शकते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास विनामूल्य देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले आहे. विम्याच्या दाव्यातही हा कागद लागतो.

आता प्रश्न असा, की असा अपुरा दाखला ज्येष्ठ डॉक्टरांकडे परत कोणी पाठवायचा? कारकुनाच्या पायरीवर बसवलेला माणूस ते धाडस करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. यासाठी प्रशिक्षण हवे, अधिकार हवा आणि मागे व्यवसायबंधूंचे पाठबळही हवे. उत्तर अमेरिकेतील नोंदपालांनी १९२८ मध्येच आपली संघटना स्थापन केली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रेस व्हाइटिंग मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. आपल्याकडे २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा समावेश झाला. उशिरा का होईना, या कामाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली.

आमच्या रुग्णालयात नोंद अधिकारी मृत्यू परीक्षण समितीचे सदस्य असून ते थेट वैद्यकीय अधीक्षकांना उत्तरदायी आहेत. अन्य रुग्णालयांतील सहकाऱ्यांच्या कार्यशाळांना त्यांना पाठविले जाते. त्या दिवसांची रजा कापावी, अशी सूचना एकदा आली होती; ती आम्ही मान्य केली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. नदीकाठच्या गावांत तळमजल्यावरचे कागद किती असुरक्षित असतात, हे तेव्हा साऱ्या जिल्ह्याने पाहिले. वरच्या मजल्यावर लोखंडी रॅक बसविणे आणि जुन्या केसपेपरांचे स्कॅनिंग करणे, या दोन कामांसाठी देणगी स्वीकारली जाते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी थोडे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. योगायोगाने मुदत येथेही तीच. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि डिस्चार्ज कार्डावरील क्रमांक लिहावा. क्रमांक हरवला असल्यास गाव आणि विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव आवर्जून लिहावे.