परसाचा आडोसा

परसाला भिंत नसली तरी चालते. पण आडोसा नसला तर चालत नाही. हे आम्हांला उशिरा कळले. कसे कळले, ते आधी सांगतो.

आमचे घर उत्तनच्या बाजूला आहे. भाईंदर स्टेशनाहून समुद्राकडे गेले की उत्तन लागते. कोळीवाडे, माडांच्या वाड्या, बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव, असा हा मुलूख. मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. वस्ती वाढली. पूर्वी आमच्या परसामागे माड होते. आता तिथे तीन मजली घर आहे आणि त्याला गॅलऱ्या आहेत.

आमची न्हाणी परसात, उघड्यावर. चार फुटांचा कूड आणि वर आभाळ. सून पहाटे चारला उठून अंधारातच अंघोळ उरकी. आम्हांला वाटे, पोर कामसू आहे. एकदा ती शेवाळावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, उजाडलं की वरून सगळं दिसतं. ती बिचारी कुणाला सांगणार?" आम्ही मान खाली घातली. जन्मभर मुलांना भूमिती शिकवली. पण आपल्याच परसातली सरळ रेघ आम्हांला दिसली नाही.

गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीचा आकडा सांगितला. तो ऐकून आम्ही गप्प बसलो. मग थोड्या पैशांत काय होते ते पाहिले. तेच आता तुम्हांला सांगतो.

आधी बघा, मग बांधा. न्हाणीच्या दगडावर बसा आणि चारी बाजूंना नजर टाका. जिथून माणसाचे डोळे दिसतात, तिथूनच आपण दिसतो. तेवढीच बाजू झाकायची आहे. सगळे परस झाकायचे काम नाही.

दुसरी गोष्ट. आडोसा हद्दीवर नको, आपल्याजवळ हवा. तळहात डोळ्यांजवळ धरा, अख्खा डोंगर झाकतो. हात लांब करा, डोंगर पुन्हा दिसतो. आडोशाचेही तसेच आहे. वरच्या गॅलरीची नजर अडवायची तर हद्दीवर फार उंच भिंत लागेल. न्हाणीला लागून सहा-सात फुटांचा आडोसा आणि वर थोडा मांडव घातला की काम भागते.

आता आडोसा कशाचा करायचा?

पहिला आडोसा झापांचा. हा दोन-चार दिवसांत होतो. माडाची झावळी मधोमध उभी चिरावी. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावी, म्हणजे पाती मऊ होतात. मग एक पात वर, एक खाली अशी विणावी. बांबू रोवून त्यांना झाप सुंभाने बांधावेत. खालचा झाप आधी, वरचा त्याच्यावर थोडा चढवून, म्हणजे पाणी आत येत नाही. झाप दर वर्षी बदलावे लागतात. चुलीजवळ मात्र झाप लावू नका. ठिणगी पडली की भडकतात.

दुसरा आडोसा वेलांचा. कोळीवाड्यात मासेमारीची फाटकी जाळी मिळते. मालकाला विचारून आणावी आणि दोन बांबूंमध्ये ताणून बांधावी. मृगाचा पाऊस पडला की खाली दोडका, कारली, घेवडा लावावा. श्रावणापर्यंत हिरवा पडदा होतो आणि भाजीही मिळते. दिवाळीनंतर हे वेल वाळतात. म्हणून सोबत मायाळूही लावावी. तिला न्हाणीचे पाणी घातले तर ती उन्हाळ्यातही हिरवी राहते.

तिसरा आडोसा जित्या कुंपणाचा. याला दोन वर्षे लागतात, पण मग तो पुष्कळ वर्षे टिकतो. अडुळसा सर्वांत बरा. त्याला शेळी तोंड लावत नाही. पावसाच्या सुरुवातीला वीतभर फांद्या हात-हात अंतरावर रोवाव्यात. मध्ये जास्वंद आणि निर्गुडी लावावी. शेंडे खुडत राहावे, म्हणजे बुंध्यापासून दाट फुटतात. शेराचे कुंपण न्हाणीजवळ नको. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा दुखावतो. कुंपणाच्या बुडाशी पालापाचोळा साठू देऊ नका. तिथे साप-विंचू राहतात.

काही गोष्टी करू नका. खाडीतली तिवरे तोडू नका. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली आहे. कुडासाठी कारवी लागते, पण राष्ट्रीय उद्यानातली कारवी तोडणे गुन्हा आहे. पक्की भिंत बांधायची तर आधी महानगरपालिकेत विचारा. शेजाऱ्याच्या हद्दीत एक बांबूही रोवू नका. आधी त्याच्याशी दोन शब्द बोला. पुष्कळदा त्यालाही आडोसा हवाच असतो.

आता कायद्याचे. घरात-दारात एकांत मिळणे हा हट्ट नव्हे, हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, की खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. अंघोळ करणाऱ्या बाईकडे चोरून बघणे किंवा तिचे फोटो काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. असे कुणी केले तर बाईने लाजू नये. लाज बघणाऱ्याला वाटली पाहिजे.

आम्ही आधी झाप लावले. मग जाळीवर दोडका चढवला. अडुळसा आता खांद्याएवढा झाला आहे. सुनेचे मनगट जुळले. आता ती उजाडल्यावर, उन्हाची तिरीप आली की अंघोळ करते. आम्ही तिला काही विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही. पण पहाटे चारला परसात पाण्याचा आवाज येत नाही, एवढे आम्हांला पुरे आहे.

तुमच्या घरातली लेक-सून अंधारात अंघोळ करते का? उद्या सकाळी परसात जाऊन एकदा बघा.