कोयना ते किल्लारी: फाटलेल्या जमिनीचा मागोवा

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या बावडा गावात पाणी म्हणजे पाइपलाइन. नदीवरून उचललेलं पाणी गाडलेल्या नळांतून उसापर्यंत जातं. जमीन फाटली तर असे नळ तुटतात, म्हणून भूकंपाच्या इतिहासाकडे मी पडलेल्या घरांइतकंच फाटलेल्या जमिनीच्या अंगानं पाहतो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपात कोयनानगर कोसळलं, सुमारे 180 माणसं गेली. कोयना धरणालाही चिरा पडल्या, पण त्या हादऱ्यानं. 103 मीटर उंच भिंतीचा उतार जिथं बदलतो तिथं ताण एकवटला होता. पुढं मागून काँक्रीटचे आधार देऊन भिंत बळकट केली. जमीन फाटली ती दक्षिणेला, डोणीचावाडा परिसरात. धरण त्या फाटलेल्या रेषेवर नव्हतं, हे महाराष्ट्राचं नशीब.

किल्लारीनं तर समजूतच मोडली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3.56. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता! गावाच्या पश्चिमेला शेतांतून जेमतेम किलोमीटरभर जमीन फाटली, एक बाजू दुसरीवर चढली. नंतर तिथं 617 मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा काळा पाषाण 338 मीटरवरच संपला. दख्खनच्या या जाड थराखाली जुने भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या रेषा, झाकलेले असतात आणि वरून दिसत नाहीत, हीच खरी अडचण.

दोन्ही वेळा भेग रानातून गेली. तैवानमध्ये 1999 च्या भूकंपात मात्र अशी भेग शिगांग धरणाखालून गेली. बांधाची एक बाजू दुसरीपेक्षा कित्येक मीटर वर उचलली गेली आणि दरवाजे मोडून पडले. हादरा सोसेल अशी भिंत बांधता येते. पायाच दोन दिशांना सरकला, तर जाड काँक्रीटही तुटतं. घर रेषेपासून दूर हलवता येतं, पण कालवा, रस्ता, नळ यांना ती ओलांडावीच लागते. अलास्कातल्या तेलवाहिनीला भ्रंशावर सरकते आधार दिले होते. 2002 च्या 7.9 क्षमतेच्या भूकंपात ती फुटली नाही, कारण रेषा कुठं आहे हे आधीच शोधलेलं होतं.

आमच्या इंदापूर तालुक्यात नीरा-भीमा जोडबोगदा याच काळ्या पाषाणातून जातो. असं खोदकाम करताना खडकातल्या भेगांची नोंद ठेवतात. अशा रेषांचा माग लागावा म्हणून ती नोंद तालुक्यातल्या शेतकऱ्यांना आणि इथं पाइपलाइन टाकणाऱ्यांना पाहायला मिळाली पाहिजे, तीही मराठीत, नकाशासह.