भंगारात काढलेली बॉम्बर विमानं १९६८ पर्यंत पुण्यातून उडत होती. आज ती आहेत कुठे?

पुणे : लोहगावच्या धावपट्टीवरून आज हवाई दलाची सुखोई उडतात, प्रवासी विमानं उडतात. हवेली, शिरूर, खेडच्या लोकांना डोक्यावरून जाणारा तो आवाज काही नवा नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच लोहगावात एक वेगळंच विमान मुक्कामाला होतं. चार पंख्यांचं, अंगाने अवाढव्य. नाव त्याचं लिबरेटर.

या विमानांची गंमत अशी, की पुण्यात येण्याआधीच ती एकदा मेली होती. इंग्रजांनी ती मुद्दाम मोडून, निकामी करून टाकली होती. आपल्या कारागिरांनी ती पुन्हा उभी केली आणि हवाई दलाने पुढची वीस वर्षं वापरली. आज जगातली मोठमोठी संग्रहालयं हीच विमानं अभिमानाने दाखवतात. हे सगळं घडलं कसं, आणि आपल्या गावात जुन्या विमानाचा एखादा तुकडा सापडला तर काय करायचं, ते समजून घेऊ.

लिबरेटर म्हणजे केवढं विमान?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेलं हे बॉम्बर. म्हणजे बॉम्ब टाकणारं विमान. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट, नाकापासून शेपटीपर्यंत ६७ फूट. प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार इंजिनं आणि आत साधारण दहा माणसं. आपल्याकडच्या मोठ्या ट्रॅक्टरला ५०-६० अश्वशक्ती असते, त्यावरून अंदाज घ्या.

युद्धात अशी १८ हजारांहून जास्त विमानं तयार झाली. फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यात तर ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. एवढी विमानं बनली, पण त्यातली आज जगात शिल्लक आहेत ती बोटांवर मोजण्याएवढीच.

चांगली विमानं मोडली का?

याचं उत्तर उसनवारीत आहे. युद्धात इंग्लंडकडे पैसा उरला नव्हता. अमेरिकेने त्यांना विमानं, गाड्या, शस्त्रं उसनी दिली. त्या कराराचं नाव होतं लेंड-लीज. अट साधी होती. युद्धात जे नष्ट झालं ते माफ. जे उरलं ते परत करा, विकत घ्या, नाहीतर पुन्हा वापरात येणार नाही असं करून टाका.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. भारतात असलेली इंग्रजांची लिबरेटर कानपूरला आणून उभी केली गेली. एवढी विमानं अमेरिकेला परत नेण्यात कुणालाच रस नव्हता आणि विकत घ्यायची इंग्रजांची तयारी नव्हती. मग तिथेच ती निकामी केली. आतली यंत्रं फोडली, पत्रे फाडले, इंजिनात वाळू घातली. आता ही पुन्हा उडायची नाहीत, असं समजून त्यांना तसंच उघड्यावर सोडून दिलं.

अमेरिकेत तरी काय वेगळं झालं? तिथे अॅरिझोनातल्या किंगमनच्या माळावर हजारो विमानं रांगेने उभी केली आणि भट्टीत वितळवून त्यांच्या अॅल्युमिनियमच्या लाद्या पाडल्या. नवी कोरी विमानंसुद्धा सुटली नाहीत.

मग ती पुन्हा उडाली कशी?

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली. काश्मीरची लढाई सुरू झाली. मोठं बॉम्बर विमान आपल्याकडे एकही नव्हतं आणि बाहेरून विकत घ्यायला परकीय चलन नव्हतं. अशा वेळी नजर गेली ती कानपूरच्या त्या भंगाराकडे.

काम आलं बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे. आजची एचएएल ती हीच. पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना या कारखान्याचं मूळ माहीत असायला हवं. तो उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानच्या मदतीने. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे, तेच हे वालचंद. पुढे सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि युद्धकाळात तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती चालायची. त्यामुळे अमेरिकन इंजिनांवर इथल्या कामगारांचा हात बसलेला होता.

एचएएलची माणसं कानपूरला गेली. पद्धत आपल्या ट्रॅक्टर मेकॅनिकचीच. याचा एक भाग शाबूत, त्याचा दुसरा. दोन-तीन मोडक्यांतून एक धड करायचं. विमान एकदा उडून बंगळुरूपर्यंत पोचेल, एवढंच काम तिथे करायचं आणि पूर्ण दुरुस्ती कारखान्यात. कानपूर ते बंगळुरू हवाई अंतर दीड हजार किलोमीटर. अशी अर्धीमुर्धी दुरुस्त केलेली विमानं एवढ्या लांब आणायची म्हणजे जिवाशी खेळ. तो खेळला एचएएलचे वैमानिक जिमी मुन्शी यांनी. एक-दोन नाही, चाळीसच्या आसपास विमानं या कामातून उभी राहिली.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. स्वतंत्र भारताची ही पहिली जड बॉम्बर तुकडी.

पुण्यात ती काय करायची?

१९५१ मध्ये ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला लिबरेटर मिळाली आणि ही स्क्वाड्रन होती पुण्याला. तिचं काम समुद्रावर नजर ठेवण्याचं. पुण्यापासून अरबी समुद्र जवळ, आणि लिबरेटर एका दमात हजारो किलोमीटर जाणारं. कोणती जहाजं कुठे आहेत, हे तासन्‌तास वरून फिरून बघायचं.

जगातल्या बाकी देशांनी ही विमानं केव्हाच मोडीत काढली होती. जेट विमानांचा जमाना आला. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला पुण्याहून गेली ती कॅनबेरा जेट विमानं. तरीही लिबरेटर चालूच राहिली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. एकदा भंगार ठरलेल्या विमानासाठी हे आयुष्य काही कमी नव्हतं.

आज ती कुठे आहेत?

आता या गोष्टीला उलटी कलाटणी मिळाली. १९६८ च्या सुमारास अमेरिका, इंग्लंड, कॅनडातल्या संग्रहालयांच्या लक्षात आलं, की लिबरेटर आपल्याकडे जवळजवळ उरलेलीच नाहीत. आहेत ती भारतात! मग त्यांनी इकडे धाव घेतली.

• कॅनडा : १९६८ मध्ये एक विमान गेलं, तेही बदलाबदलीत. त्यांनी आपल्याला लायसँडर हे त्यांच्याकडचं जुनं विमान दिलं.

• अमेरिका, अॅरिझोना : १९६९ मध्ये एक लिबरेटर भारतातून स्वतःच्या इंजिनांवर उडत टूसॉन शहरात पोचलं. आज ते तिथल्या पिमा संग्रहालयात आहे.

• इंग्लंड : पुण्याच्या ६ स्क्वाड्रनमधलं एक विमान हवाई दलाने रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला भेट दिलं. जुलै १९७४ मध्ये ते उडतच तिकडे गेलं. ज्यांनी मोडलं त्यांनाच, दुरुस्त करून.

• अमेरिका, कॉलिंग्ज फाउंडेशन : हे विमान निवृत्तीनंतर १३ वर्षं भारतात तसंच पडून होतं. १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकाने ते घेतलं, सुटं करून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेलं. १९८४ ला ते अमेरिकेत विकलं गेलं. सुमारे ९७ हजार तासांचं काम केल्यावर १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं.

• अमेरिका, फ्लोरिडा : आणखी एक तिथल्या खासगी संग्रहात.

• भारत : एक दिल्लीला, पालमच्या हवाई दल संग्रहालयात.

हिशेब असा, की बाहेरचे देश श्रीमंत होते म्हणून त्यांनी विमानं वितळवली. आपल्याला गरज होती म्हणून आपण ती वापरली, आणि म्हणून ती वाचली.

उलटा प्रवासही झाला आहे. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं एक डाकोटा विमान तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१८ मध्ये हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा उडवायचे. विमानाचं नाव ठेवलं ‘परशुराम’. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याच्या शेपटीवर रंगवला आहे.

जुनं विमान टिकतं कशाने?

विमानाचा पत्रा लोखंडाचा नसून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो लाल गंजत नाही, पण दमट हवेत पांढरी भुकटी धरून आतून पोखरला जातो. म्हणून कोरड्या हवेतलं, छपराखालचं विमान जास्त वाचतं. पावसाचं साठलेलं पाणी, उंदीर आणि पक्ष्यांची विष्ठा हे त्याचे खरे शत्रू. परदेशात अशी विमानं शेतातल्या गोठ्या-कोठारांत सापडतात. आपल्याकडे ती फ्लाइंग क्लबचं हँगर (विमान ठेवायची शेड), इंजिनिअरिंग कॉलेजचं आवार, बागा नाहीतर भंगाराच्या वखारीत असतात.

पुरलेल्या विमानांच्या बातम्यांचं काय?

अमुक ठिकाणी विमानं पुरली आहेत, असे मेसेज अधूनमधून फिरतात. ब्रह्मदेशात यांगूनच्या विमानतळाखाली इंग्रजांनी खोक्यांत भरून स्पिटफायर विमानं पुरली आहेत, अशी मोठी बोलवा होती. २०१३ मध्ये परदेशी पथकाने तिथे जाऊन खोदलं. एकही विमान निघालं नाही. तेव्हा आधी कागद शोधायचा आणि मग कुदळ उचलायची.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यात सर्वसाधारण वस्तूला संरक्षण मिळायचं तर ती किमान १०० वर्षं जुनी लागते. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना ७५ वर्षांची अट आहे. महायुद्धातली विमानं अजून ऐंशीच्या घरात आहेत. म्हणजे एखाद्या शेडमधलं जुनं विमान कटरखाली गेलं, तर निव्वळ वयाच्या जोरावर हा कायदा ते थांबवू शकत नाही. ते वाचवणं त्याच्या मालकाच्या आणि भोवतालच्या लोकांच्या हातात उरतं.

आपल्याकडे एखादा भाग सापडला तर?

१. ठोकू नका, कापू नका, तापवू नका. लढाऊ जेट विमानात वैमानिकाची खुर्ची बाहेर फेकणारी स्फोटक काडतुसं असतात. गोळा, बॉम्ब किंवा ओळखू न येणारी नळकांडी दिसली तर लांब व्हा, पोरांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन लावा. सराव क्षेत्राजवळच्या गावांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

२. जुन्या घड्याळासारख्या डायलची काच फोडू नका. त्यावरचे अंधारात चमकणारे आकडे पूर्वी रेडियमच्या रंगाने काढलेले असायचे. ती भुकटी श्वासातून आत जाणं वाईट.

३. धातूची छोटी पट्टी शोधा. त्यावर कंपनीचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. विमानाची सगळी कुंडली त्या एका पट्टीवरून काढता येते. मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्या. पट्टी मात्र काढू नका.

४. अंगावर ‘व्हीटी’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर ते भारतात नोंदलेलं नागरी विमान. वेगळी अक्षरं-आकडे असतील तर ते हवाई दलाचं असू शकतं.

५. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हे कधी आलं, कुणी आणलं, लिलावात घेतलं का? जे सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा.

६. पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला कळवा. लिलावाची जुनी पावती असेल तर जपून ठेवा. मालकी त्यावरच ठरते.

बघायला कुठे जाल?

लिबरेटर बघायचं तर दिल्लीला पालमचं संग्रहालय. जवळ म्हणाल, तर पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ उभं आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आहे, भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. शाळेची सहल काढायला दोन्ही ठिकाणं चांगली.

आणि लोहगावात त्या काळी नोकरीला असलेले, मेकॅनिक, मजूर, कँटीनवाले किंवा त्यांची मुलं आजही आसपासच्या गावांत असतील. घरातल्या पत्र्याच्या पेटीत एखादा जुना फोटो, ओळखपत्र, पगाराचा कागद पडलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालण्याआधी तो एकदा उलटून बघा. मागे कुणाचं नाव आणि तारीख लिहिलेली असेल, तर त्याचाही फोटो काढून ठेवा.