मुळशीचे चढ आणि पहिले एकवीस किलोमीटर

पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन धावू पाहणाऱ्याला मी एकच कसोटी सांगतो: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतात का? येत नसतील तर वेग जास्त आहे. तरण्या पोरांना हे पटत नाही. महिन्याभरात त्यांचा दम वाढतो, ती सुसाट सुटतात आणि मग नडगी धरते. हृदय आणि फुफ्फुसं सरावाला लवकर जुळवून घेतात; हाडं आणि स्नायूबंध मात्र आपल्या सवडीनं तयार होतात.

मुळशी तालुक्यातले रस्ते ही सबुरी सक्तीनं शिकवतात. पौडच्या पुढे मालेकडे, मुळशी धरणाच्या अंगाला निघालं की सपाटी फार वेळ टिकत नाही. चढावर घड्याळातला पेस बघायचाच नाही. श्वास तोच ठेवायचा, पावलं आखूड टाकायची, गरज पडली तर चालायचं. खरा धोका उतारावर. तिथे मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं आणि पर्यटकांच्या गाड्या असतात. तिथे लांबची पळापळ नकोच. इतरत्रही समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, भडक रंगाचे कपडे घालूनच धावावं.

या धरणाचा आणि मॅरेथॉनचा एक धागा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी खेड्यातली माणसं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि भारताचे खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याचं मनावर घेतलं. १९२० मध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तिथलं अंतर तर आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होतं. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १९२१ रोजी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव त्यातूनच घरोघरी पोचलं. शेतकऱ्यांच्या पायांतली ताकद ओळखणारे टाटा आणि त्यांची जमीन पाण्याखाली घालणारे टाटा एकच होते.

पाच किलोमीटर न थांबता पळता येत असेल तर हाफ मॅरेथॉनच्या तयारीला बारा ते चौदा आठवडे पुरतात. आठवड्यात तीन दिवस हलकं, रविवारी लांब: सात-आठ किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला साधारण एकेक वाढवायचा, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. सोळा-अठरापर्यंत पोचलात की झालं. आधी पूर्ण एकवीस धावून पाहायचा हट्ट कशाला? शेवटचे दोन आठवडे अंतर घटवायचं. ते घटवणं फार जड जातं, हातून काही निसटतंय असं वाटत राहतं.

साठवलेली साखर साधारण दीड-दोन तास पुरते आणि नवख्याला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पाऊण तासानंतर खजूर किंवा चिक्कीचा तुकडा तोंडात टाकावा, पण सरावात पचलेलाच. पाणी तहानेपुरतं, फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. आदल्या रात्री मिसळ नको, आंबेमोहराचा मऊ भात बरा.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे. पण मुळशीत पाय घडलेल्यानं सातारा हिल हाफ मॅरेथॉनही बघावी: यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. वेळेचं लक्ष्य तेवढं पहिल्या वर्षी ठेवू नये.