हरकती-सूचनांचे दशक

विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करायचे, नागरिकांकडून हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मग आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे पाठवायचा, हा क्रम महाराष्ट्रात कायद्याने ठरवून दिलेला आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तो पाळला. प्राधिकरणाच्या हद्दीत आठशेच्या वर गावे येतात. त्यांच्या प्रारूप आराखड्यावर २०२१ नंतर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि सुनावण्याही झाल्या. पुढे २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. सातबारा, गटनकाशा आणि अर्जाची पोच सांभाळून सुनावणीच्या तारखेची वाट पाहिलेल्या शेतकऱ्यांना आणि सोसायट्यांना आपली हरकत मान्य झाली की फेटाळली गेली, हे आता कधीच कळणार नाही. या निमित्ताने हरकती-सूचनांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. मुंबई प्रांताचा १९१५चा नगररचना कायदा हा देशातला पहिला. त्यात जमीनमालकाचे म्हणणे ऐकण्याची सोय होती, गल्लीत राहणाऱ्या भाडेकरूचे नव्हती. त्याच सुमारास भारतात आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी आधी पाहणी, मग आराखडा, असा आग्रह धरला होता. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्यांनी १९१८ मध्ये अहवाल लिहिला आणि पुढे मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र शिकवले. त्यांचे नाव प्रत्येक नियोजनकाराच्या तोंडी असते. त्यांची पद्धत मात्र फारशी कोणी उचलली नाही. १९५४च्या कायद्याने शहराला विकास आराखडा सक्तीचा केला. १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आजही चालू आहे. त्याच्या २६व्या कलमाप्रमाणे प्रारूप प्रसिद्ध होते. २८व्या कलमाप्रमाणे स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती हरकती ऐकते. ३१व्या कलमाखाली सरकार मंजुरी देते, तर ३८व्या कलमानुसार वीस वर्षांत आराखडा सुधारायचा असतो.

या व्यवस्थेतली खोट पहिल्यापासून एकच आहे. नागरिकाला बोलावले जाते ते नकाशा रंगवून झाल्यावर. रस्ता कुठून जाणार, शाळेचे आरक्षण कोणत्या सर्व्हे नंबरवर पडणार, हे तोवर कार्यालयात ठरलेले असते. पुढची तीनेक दशके हरकत घेणारा बहुधा जमीनमालक असे आणि त्याचे मागणे एका वाक्याचे असे: माझ्या जागेवरचे आरक्षण उठवा. ज्यांच्या मुलांना त्या जागेवर मैदान मिळणार होते, ते सुनावणीला फिरकत नसत. पुण्याचे १९६६ आणि १९८७चे आराखडे याच चालीने झाले.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती पुण्याच्या टेकड्यांवरून. १९९७ मध्ये महापालिकेत गावे आली आणि त्यांतल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील ९७८ हेक्टर जागेवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण सुचवले गेले. ‘आरक्षण ठेवा’ असे सांगणारे लोक मोठ्या संख्येने पुढे येण्याची ही पहिली मोठी वेळ. सरकारने उरलेल्या आराखड्याचा निर्णय केला, तरी बीडीपीचा प्रश्न २०१५ पर्यंत लोंबकळत ठेवला. तोपर्यंत टेकड्यांच्या पायथ्याशी गुंठेवारीची घरे वर चढत राहिली.

२००६ ते २०१७ हे दशक या इतिहासातले खरे वर्दळीचे. माहितीचा अधिकार नुकताच हाती आला होता. जो नकाशा नगररचना खात्याच्या कपाटात असे, त्याची प्रत आता अर्ज करून मागता येत होती. पुणे महापालिकेने २००६च्या सुमारास अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत येत. बहुतेक पदपथ, दिवे, बाक आणि गटाराची झाकणे यांचे. मोठे काहीच नाही, पण आपल्या पेठेतल्या कामाचा आकडा पालिकेच्या पुस्तकात शोधायची सवय लोकांना लागली. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या अटीपोटी राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात घातली. गावाला ग्रामसभा, तशी मतदान केंद्रांच्या परिसराला क्षेत्रसभा. अभियानाचा निधी आला, क्षेत्रसभा कागदावरच राहिली. लोकसहभागाच्या नावाने राज्यात जी फसवणूक झाली, तिच्यातली ही सर्वांत शांतपणे पार पडलेली.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा प्रारूप आराखडा २०१३च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. मूळ वेळापत्रक तोवर केव्हाच कोलमडले होते. मुख्य सभेत उपसूचनांचा पाऊस पडून गेला होता आणि कोणते आरक्षण कोणाच्या उपसूचनेने हलले, याचा पत्ता लावणे जाणत्यालाही जड जात होते. त्यावर आलेल्या हरकतींची संख्या ८७ हजारांच्या घरात गेली.

हा आकडा आपोआप झाला नाही. आराखड्याचा भाग नकाशा सामान्य माणसाला वाचता येत नाही. त्यावर इमारतींची नावे नसतात. सर्व्हे नंबर, सीटीएस नंबर आणि आरक्षणाचे क्रमांक असतात. रहिवासी विभाग पिवळा, मैदाने-उद्याने हिरवी, हे कळले तरी आपल्या सोसायटीच्या कुंपणाला लागून गेलेली बारीक रेघ हा अस्तित्वातला रस्ता आहे की रुंदीकरणाची प्रस्तावित हद्द, हे कळायला जाणकार डोळा लागतो. तो डोळा त्या महिन्यांत फुकट मिळत होता. निवृत्त अभियंते, तरुण वास्तुविशारद, नियोजनाचे विद्यार्थी आणि ‘परिसर’, ‘नागरिक चेतना मंच’ यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते शाळांच्या वर्गांत नि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नकाशे पसरून बसत. हरकत कशी लिहायची, तेही शिकवत. ‘आरक्षण रद्द व्हावे ही नम्र विनंती’ या अर्जाला वजन नसते. आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर, त्या प्रभागाची लोकसंख्या, नियोजनाच्या मानकांप्रमाणे लागणारे मैदान, आज असलेले मैदान, तूट किती, आणि रस्ता वळवायचा तर पर्यायी आखणी कोणती, इतके दोन पानांत बसवले की सुनावणीत अधिकाऱ्याला मान वर करावी लागते. नियोजनाचे व्यावसायिक साहाय्य म्हणतात ते याहून निराळे काही नसते. इंग्लंडमध्ये टाउन अँड कंट्री प्लॅनिंग असोसिएशनने १९७३ मध्ये असे साहाय्य संस्थेच्या पातळीवर सुरू केले, पुढे तिथल्या नियोजनकारांच्या व्यावसायिक संघटनेने ते चालवले. पुण्यात ते लोकांच्या सुट्टीच्या दिवसांवर आणि पदरमोडीवर चालले.

सुनावणीचे मोल याच्या तुलनेत कमी ठरले. छापील नमुन्यातल्या एकसारख्या हरकती गठ्ठ्याने ऐकल्या जात. अर्जदारांचा घोळका आत जाई, एक जण बोले, बाकीचे प्लॅस्टिकच्या पिशवीतून खरेदीखत काढीपर्यंत पुढचा पुकारा होई. एवढ्या हरकती ऐकायच्या तर प्रत्येकाला मिनिटेच मिळणार, हे खरे. पण मिनिटेच मिळणार हे ठाऊक असताना हरकतींची विषयवार छाननी आधी लोकांपुढे का ठेवली नाही, याला उत्तर नाही. नियोजन समितीतल्या शासननियुक्त तज्ज्ञांचे आणि नगरसेवकांचे एकमतही झाले नाही. मुदती टळत गेल्या आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीकडे सोपवला. या समितीने बरीच आरक्षणे वगळली. पुढे २०१७च्या जानेवारीत, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर आराखड्याला मंजुरी मिळाली. १९८७ नंतर बरोबर तीस वर्षांनी. ज्यांनी ‘मैदान ठेवा’ म्हणून हरकती दिल्या होत्या, त्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही.

मुंबईची कथा त्याच वर्षांतली आणि जास्त बोलकी. २०१४ ते २०३४च्या आराखड्यासाठी महापालिकेने खासगी सल्लागार नेमला. विद्यमान जमीन वापराचे नकाशे प्रसिद्ध होताच अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट, ‘युवा’ आणि ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ यांनी वॉर्डावॉर्डांत त्यांची तपासणी सुरू केली. चुका दाखवल्या गेल्या, वॉर्डनिहाय बैठकाही झाल्या. आराखडा तयार होण्याआधी लोकांनी बोलायची ही जवळजवळ एकमेव मोठी संधी होती. तरी २०१५च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले, वारसा वास्तू गायब झाल्या, गावठाणे आणि कोळीवाडे नीट दाखवले गेले नाहीत, आरे वसाहत बांधकामाला खुली करण्याचा प्रस्ताव आला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो फेरतयारीसाठी परत पाठवला. दुसरे प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये. हा विजय म्हणून साजरा झाला आणि तो होताही. पण पहिल्या मसुद्यावरचा खर्च कोणाच्या माथी, याचा हिशेब कोणी मागितला नाही.

गोव्याने या दशकात एक पाऊल पुढे टाकले होते. गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा २०११ हा २००७ मध्ये मागे घेतला गेला. चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष असलेल्या कृती दलाने २०२१चा आराखडा आखताना गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवले. ग्रामसभांनी शेते, डोंगर, झरे यांवर खुणा करून ते परत दिले. शहरातला जाणकार आणि गावातला माहीतगार एका नकाशावर बसले, हे महाराष्ट्रात कुठेही या प्रमाणावर घडले नाही. २०१२ मध्ये सत्ता बदलली, तो आराखडा स्थगित झाला आणि पुढे कायद्यात दुरुस्त्या करून भूखंडागणिक विभागबदलाच्या वाटा खुल्या होत गेल्या.

२०१७ नंतरचा काळ ओहोटीचा आहे. नकाशे पसरून बसणारी पिढी थकली. संस्थांचा निधी आटला किंवा दुसऱ्या कामांकडे वळला. मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आली. गल्लीत किती मजले चढणार याचा फैसला राज्याच्या नियमाने होऊ लागला, स्थानिक सुनावणीचे कारणच उरले नाही. ३७व्या कलमाखालचे किरकोळ फेरबदल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या सूचनेने सुरू होतात आणि वाचणारा नसल्याने बिनहरकत संपतात. फुकट साहाय्य गेले, त्या जागी झोन दाखला, भाग नकाशा आणि ‘आत बोलणे’ असे एकत्र दर सांगणारे मध्यस्थ आले. ते जमीनमालकाला परवडतात. मैदान मागणाऱ्या वस्तीला परवडत नाहीत. २०२२च्या मार्चपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा २०२५ मध्ये लोकांपुढे आला, तेव्हा तिथे निवडून आलेली स्थायी समितीच नव्हती. त्यावरही हरकतींचा ढीग पडला.

कायद्यात करायच्या दुरुस्त्या मोठ्या नाहीत. विद्यमान जमीन वापराच्या नकाशावरच प्रभागवार हरकती घ्याव्यात. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात मुदतभर एक नियोजनकार नागरिकांच्या बाजूने, पालिकेच्या खर्चाने बसवावा. आणि हरकत का मानली किंवा नाकारली, ते प्रत्येक अर्जदाराला लेखी कळवावे. यांपैकी शेवटच्याला खर्च सर्वांत कमी येतो, आणि २८व्या कलमात आजही तसे बंधन नाही.