मासे नसलेल्या पाण्यांतील गळ

मत्स्यावताराच्या चित्रापलीकडे माशाशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं, अशा घराण्यांत आमचा जन्म झाला. तेव्हां गळ टाकण्याच्या कौशल्यावर आम्ही लेख लिहीत आहों हें पाहून परिचित वाचकांच्या भुवया वर चढल्या, तर त्यांत नवल नाहीं. परंतु ज्या गळाविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्याचें टोंक मोडून टाकलेलें असतें, आणि ज्या पाण्यांत तो टाकावयाचा, त्यांत मासे नसतात. आमच्या एका सारस्वत मित्रास ही हकीकत सांगितली तेव्हां, "मग इतकी यातायात कशासाठीं?" असें ते अत्यंत कळकळीनें म्हणाले. तें असो.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियांत राहावयास गेलों होतों. सॅन फ्रान्सिस्को शहरांत 'गोल्डन गेट पार्क' नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. तेथें अमेरिकन गव्यांचें कुरण लागतें, आणि त्याच्या जवळच निलगिरीच्या उंच झाडांच्या आडोशास सिमेंटचीं तीन उथळ तळीं आहेत. एका रविवारीं नातीचें बोट धरून (खरें म्हणजे तिनें आमचें धरून) आम्ही तेथें पोंचलों. पाहतों तों पांच-सहा वयस्क गृहस्थ पाण्याच्या कांठीं ओळीनें उभे राहून लांबच लांब दोऱ्या डोक्यावरून पुढें-मागें झुलवीत आहेत! कोणीहि बोलत नाहीं, कोणालाहि कांहीं मिळत नाहीं. पाण्यावर मात्र कड्या तरंगत होत्या, व त्या कड्यांकडे सर्वांचे डोळे लागलेले होते.

चौकशी केली तेव्हां कळलें कीं, येथील मंडळाची स्थापना १९३३ सालची. तळीं त्याच दशकाच्या उत्तरार्धांत, बेकारांस काम देण्याच्या सरकारी योजनेंतून बांधलीं गेलीं. आपल्याकडे दुष्काळी कामांवर रस्ते झाले, तलाव झाले. त्यांच्याकडे हेंहि झालें. दोरी फेंकण्याच्या स्पर्धा मात्र त्याहून जुन्या आहेत. शिकागो येथें १८९३ सालीं जें जागतिक प्रदर्शन भरलें, ज्याच्या निमित्तानें झालेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण गाजलें, त्याच प्रदर्शनांत अशा स्पर्धाहि झाल्या होत्या. पुढें १९०६ सालीं या खेळाची राष्ट्रीय संस्था निघाली.

आतां या विद्येंतील मूळ अडचण सांगतों. दगड फेंकणें सोपें, कारण दगडास वजन असतें व हाताचा वेग तो स्वतः घेऊन जातो. साध्या गळास शिशाचा तुकडा बांधतात, तोहि याच न्यायानें दूर जातो. परंतु 'फ्लाय' म्हणजे आंकड्यावर पिसें, केंस व धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. हिला वजन जवळ जवळ नाहींच. झेंडूची एक पाकळी पन्नास फुटांवर फेंकून पाहावी, म्हणजे आमचें म्हणणें पटेल. म्हणून येथें माशी फेंकावयाची नसून दोरी फेंकावयाची असते; माशी तिच्या मागून, वरातींतील करवलीप्रमाणें, चालत जाते.

या दोरीचेंहि वजन तें किती? १९६१ सालीं अमेरिकेंत जें प्रमाण ठरलें त्याअन्वयें पांच नंबरच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचें वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारें ९ ग्रॅम भरावें लागतें. आपल्या जुन्या हिशेबानें पाऊण तोळा! एवढें वजन हवेंतून सरळ रेषेंत नेणें हें दंडाच्या बळाचें काम नव्हे. काठी सावकाश सुरू करावी, तिचा वेग सतत वाढवीत न्यावा, आणि मग ती एकदम थांबवावी. धनुष्यासारखी वाकलेली काठी या थांबण्यानें सरळ होते, दोरी शेंड्यावरून पुढें निघते व आडव्या ठेवलेल्या घोड्याच्या नालासारखें वळण घेत उलगडत जाते. वळण जितकें अरुंद तितकी दोरी वाऱ्यास भेदून जाते. मनगट सैल सोडून काठी थेट खालपर्यंत नेली, तर शेंडा सरळ रेषेंत न जातां कमान करतो, वळण कमानीएवढेंच रुंद होतें, आणि दोरी वाटेंतच गळून पडते. आरंभींच हिसका दिला, तर शेंडा मध्यें खालीं जातो, दोरी स्वतःच्याच अंगावर येते, व बारीक गांठी पडतात. जोर करणारा माणूस हे दोन्ही अपराध हमखास करतो.

याहूनहि कठीण भाग पाठीमागें असतो. दोरी पुढें फेंकण्यापूर्वीं ती मागें फेंकावी लागते, व मागें ती पुरती सरळ होईपर्यंत हात थांबवावा लागतो. घाई झाली तर चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. दोरी लांबवावी तसा हा विरामहि लांबवावा लागतो. मंदाक्रांतेचे चार, सहा, सात असे तुकडे पाडून मुलांकडून म्हणवून घेण्यांत आमचीं पस्तीस वर्षें गेलीं; यति चुकला कीं सबंध चरण कसा पांगळा होतो हें आम्हांस ठाऊक आहे. तेथें निदान अक्षरें मोजतां येतात. येथें लक्ष्य पुढें, चित्त पुढें, आणि थांबावयाचें तें पाठीमागच्या न दिसणाऱ्या दोरीसाठीं!

अचूकपणाच्या स्पर्धेंत पाण्यावर तीस इंच व्यासाच्या पांच कड्या ठेवतात. कोणी वीस फुटांवर, कोणी पन्नास फुटांपर्यंत. प्रारंभीं शंभर गुण धरून चालतात. माशी कडींत पडली तर ठीक. बाहेर पडली तर जितके फूट दूर, तितके गुण वजा. कोरड्या माशीच्या प्रकारांत ती पाण्यावर तरंगलीच पाहिजे, बुडतां कामा नये. त्यामुळें अंतराचा अंदाज माशीस पाणी न लावतां, दोरी हवेंतच झुलवून घ्यावा लागतो. माशी कडीच्या बरोबर वर येऊन जाते, पुन्हा येते, आणि पाहणाऱ्यास वाटतें, आतां टाकील. पण तो टाकीत नाहीं. परीक्षेंत उत्तर येत असूनहि तें पुन्हा एकदां पडताळणारा विद्यार्थी आम्हांस फार थोडा भेटला.

लांब पल्ल्याच्या स्पर्धेंत डाव्या हातासहि काम असतें. उजवा हात काठी चालवीत असतां डाव्यानें दोरी नेमक्या क्षणीं ओढावयाची, मागें जातांना एकदां व पुढें येतांना एकदां. ही दुहेरी ओढ ऑरेगनच्या मार्व्हिन हेज यांनीं १९३४ सालीं राष्ट्रीय स्पर्धेंत करून दाखविली, आणि पूर्वींचे पल्ले मागें पडले.

आमच्या नातीस या खेळाचा नाद लागला. ती तेव्हां बारा वर्षांची होती. मंडळाचे सभासद शिकवीत, काठीहि तेच देत. दोन महिने झाले तरी तिची दोरी तीस फुटांपलीकडे जाईना, आणि तिच्याच वयाचे दोन धिप्पाड मुलगे पन्नास फुटांवर माशी टाकीत. एके दिवशीं घरीं येतांना ती रडूं लागली. तेव्हां आम्हीं, पस्तीस वर्षें शिक्षकी केलेल्या माणसानें, तिला म्हटलें, "बाळ, मुलींच्या हातांत तेवढा जोर नसतो, वाईट वाटून घेऊं नये." समजूत घालण्याचाच आमचा हेतु होता. तिनें डोळे पुसले, आणि पुढचे दोन रविवार ती तळ्यावर गेली नाहीं. तिसऱ्या रविवारीं सूनबाईंनीं आग्रह करून दोघांनाहि धाडलें.

तेथें एक वृद्ध शिक्षिका होत्या. त्यांनीं मुलीस कांहींएक न विचारतां काठीची मूठ तिच्या सदऱ्याच्या बाहींत खोंवून दिली, म्हणजे मनगट मोडावयास जागाच राहिली नाहीं. आमचें वाक्य नातीनें त्यांस सांगितलें असावें. कारण नंतर त्या आमच्याजवळ येऊन बसल्या, आणि जोन वुल्फ या बाईंची हकीकत त्यांनीं आम्हांस ऐकविली. न्यू जर्सीमधील ही मुलगी लहानपणीं तळ्यावर वडिलांच्या काठीचा शेंडा पाण्यांत हरवून बसली होती; शेजाऱ्यानें बागेंतील दंताळ्यानें तो काढून दिला म्हणून निभावलें. पुढें ती नृत्य शिकवी, आणि स्पर्धांतहि उतरे. १९४३ पासून १९६० पर्यंत तिनें सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. १९५१ सालीं लांब पल्ल्याच्या एका स्पर्धेंत बाकी सारे पुरुष होते, जिंकली ती. १९६० सालीं तिची माशी १६१ फुटांवर पडली, म्हणजे क्रिकेटच्या जवळ जवळ अडीच खेळपट्ट्यांपलीकडे. इतकें सांगून बाई उठल्या. आम्हांस त्यांनीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, त्यामुळें तो अधिकच लागला.

परततांना आम्हीं नातीस म्हटलें, "आम्ही तुला चुकीचें सांगितलें." ती म्हणाली, "ठाऊक आहे, आजोबा. पण तुम्हीसुद्धां एकदां टाकून पाहा ना." पुढच्या रविवारीं पाहिली. दोरी आमच्या टोपीवर, चष्म्यावर व एका निलगिरीवर अशी क्रमाक्रमानें पडली.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या आठवड्यांत मंडळाची लहानशी स्पर्धा झाली. नात उभी राहिली. मागची दोरी सरळ होईतों ती ओठ मिटून थांबे, तेव्हां आमचाहि श्वास थांबे. चार कड्यांपर्यंत तिचे फार थोडे गुण गेले. पांचव्या, सर्वांत दूरच्या कडीशीं तिनें घाई केली, चाबकाचा आवाज झाला, आणि माशीच नाहींशी झाली. त्या मुलग्यांपैकीं एक तिच्या पुढें राहिला, दुसरा मागें. बक्षीस कोणास मिळालें याची तिनें चौकशीहि केली नाहीं; गवतांत माशी शोधीत बसली.

निघतांना तिनें आम्हांस शेंड्यास लोकरीचा धागा बांधलेली एक आंखूड काठी दिली. पुण्यास आमच्या गच्चीवर घरांतील मोठी परात ठेवून आम्ही सकाळीं तिचा अभ्यास करतों. आम्ही वाळवणावरचे कावळे हाकलतों अशी शेजाऱ्यांची समजूत आहे, व ती आम्हीं दूर केलेली नाहीं. परवां दहा फेंकींत तीन वेळां लोकर परातींत पडली, तसें आम्हीं मोठ्या ऐटींत नातीस पत्रानें कळविलें. तिचें उत्तर एका ओळीचें आलें: "आजोबा, मागें थांबतां का?"